नववीतला पोरगा आणि हातातला दाखला

सर, सलाम. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. मिशन हायस्कूलात तुमचं दुसरं वर्ष, नववीचे क्लासटीचर आहात, एका मुलानं भर वर्गात तुम्हाला आईवरून शिवी दिली आणि हजेरीपटाचं पान टरकावलं. स्टाफरूममधले निम्मे म्हणतात दाखला हातात द्या, निम्मे म्हणतात एकदा चांगला धुवून काढा. आणि तुम्ही विचारताय की मी ख्रिस्ती आहे, रोज प्रार्थना करतो, पण त्याचं तोंड बघितलं की नुसता राग येतो, मग क्षमा करायची म्हणजे नक्की करायचं काय? आणि त्याला जवळ घेऊन त्याच्यासोबत प्रार्थना केली तर चालेल का? तो आपल्या चर्चच्या मंडळीतला नाही हेही तुम्ही लिहिलंय.

मी नगर जिल्ह्यात ३१ वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला आणि त्यातली बरीच वर्षं नववीच माझ्या वाट्याला आली, कारण नववी कुणालाच नको असते, दहावीचा निकाल दाखवता येतो, नववीचं काय दाखवणार.

आधी रागाचं बोलू. राग आला म्हणजे तुमचा विश्वास कमी पडला असं मनात आणू नका. आईवरून शिवी खाल्ल्यावर राग येणारच. मलाही यायचा, हात थरथरायचे. मी एक सवय लावून घेतली होती, वर्गात जायच्या आधी जिन्याच्या वळणावर दोन मिनिटं थांबायचं, हजेरीपट उघडायचा आणि जे नाव वाचून पोटात गोळा येतो त्या नावावर बोट ठेवायचं. मोठी प्रार्थना नाही हो, नुसतं "प्रभू, हा पण तुझाच" एवढंच. पहिले काही महिने ते खरं वाटायचं नाही, तरी म्हणायचे. आणि मग हजेरी घेताना मान खाली घालून "प्रेझेंट, प्रेझेंट" करत सुटायचं नाही, प्रत्येक नावाला वर बघायचं, त्या चेहऱ्याकडे. साठ-पासष्ट पोरांना पाचेक मिनिटं लागतात. कोण रडून आलंय, कोणाचा शर्ट कालचाच आहे, कोण मार खाऊन आलंय, सगळं त्या पाच मिनिटांत दिसतं. माझी वर्गातली खरी प्रार्थना हीच होती, आणि ती कुणाला ऐकू जायची नाही.

आता एक विचारते. त्यानं वही फाडली नाही, तुमचं पुस्तक फाडलं नाही, हजेरीपटच का फाडला? आणि कुठल्या महिन्याचं पान होतं? मला खात्रीनं काही माहीत नाही, पण माझा अनुभव सांगतो की त्या पानावर त्याच्या नावापुढं लाल खुणांची रांग असणार, आणि तुम्ही ती वर्गात मोठ्यानं वाचून दाखवली असणार. चूक काढत नाहीये, मीही हेच करायचे. पण पोरगा कशावर हात टाकतो ते नीट बघा, बहुतेक वेळा दुखणं तिथंच असतं.

आपल्याकडं पाथर्डी, शेवगाव, तिकडं बीडच्या बाजूला, दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातात ते मार्च-एप्रिलला परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायचीच असते. लहान पोरं सोबत जातात, नववीतलं पोरगं आजीजवळ राहतं. राहतं म्हणजे आजीला सांभाळतं. माझ्या वर्गात असा एक होता. पहिल्या तासाला डोकं बाकावर टाकून झोपायचा, उठवलं की बाक वाजवायचा, एकदा मला म्हणाला, "शिकवा ना तुमचं तुम्ही, मला कशाला उठवता." मी त्याला दोनदा वर्गाबाहेर उभं केलं. तिसऱ्यांदा दप्तर तपासलं, तंबाखू असेल म्हणून. तंबाखू नव्हती. दप्तरात दुमडलेला पांढरा शर्ट होता, कॉलरला हळदीचा डाग, आणि इलॅस्टिकचा लाल बो. लग्नसराई होती. पोरगा रात्री मंगल कार्यालयात केटरर्सकडं वाढप्याचं काम करायचा, शेवटची पंगत उठवून, पातेली घासून, एक-दीडला घरी यायचा. मी तो शर्ट हातात धरून उभी होते आणि तो सगळ्या वर्गासमोर माझ्याकडं बघत होता. असं कुणाचंही दप्तर सगळ्यांसमोर उघडू नका सर. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मी दोन डबे नेले. त्याला एवढंच विचारलं, "जेवलास का?" तर म्हणाला काल रात्री जेवलो, कार्यालयात. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, शाळेतली खिचडी आठवीपर्यंतच असते. नववीत गेलं की पोषण आहार बंद, आणि पोराची भूक तर त्याच वयात दुप्पट होते. आपण पहिल्या तासाला त्याच्यापुढं समास आणि अलंकार वाढतो.

तुम्ही शास्त्र वाचता म्हणून सांगते, बायबलातलं १ राजे, अध्याय १९ काढा. एलीया संदेष्टा झुडुपाखाली पडलाय, मला मरण दे म्हणतोय. देवानं त्याला उपदेश केला नाही. देवदूत आला, म्हणाला ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो जेवला आणि परत झोपला, त्याला झोपू दिलं, मग दुसऱ्यांदा उठवून परत जेवू घातलं. बोलणं कितीतरी नंतर झालं, आणि तेही प्रश्नानं सुरू झालं, तू इथं काय करतोस? मी हा अध्याय लहानपणापासून संडे स्कूलमध्ये ऐकत आले होते, पण भाकर आधी आणि प्रश्न नंतर हा क्रम त्या पोरानंतर समजला. मग आम्ही चार-पाच बायांनी मिळून स्टाफरूमच्या कपाटात शेंगदाणे, गूळ, बिस्किटं ठेवायला सुरुवात केली. कुणाला द्यायचं हे जाहीर करायचं नाही, वर्गात तर नाहीच, "जरा ही पुस्तकं उचलून आण" म्हणून बोलवायचं आणि हातावर ठेवायचं.

दुसरं कारण भुकेइतकंच मोठं आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. वाचता न येणं. पोरं ढकलपास होत नववीत येतात आणि त्यातल्या काहींना धडा सलग वाचता येत नाही. चौदा-पंधरा वर्षांचा, मिसरूड फुटलेला मुलगा, शेजारच्या ओळीत मुली बसलेल्या, आणि तुम्ही म्हणता ऊठ, पान चाळीस वाच. तो काय करेल? टवाळी करेल, उलट बोलेल, शिवी देईल, तुम्ही त्याला बाहेर काढाल, आणि बाहेर काढलं की तो सुटला. मठ्ठ म्हणवून घेण्यापेक्षा वांड म्हणवून घेणं त्याला परवडतं. त्यामुळं ज्या पोराचा तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास आहे त्याला एकट्याला, दार उघडं ठेवून, पाच ओळी वाचायला सांगा, पुस्तकातल्या नको, पेपरातल्या क्रिकेटच्या बातमीतल्या. तुम्हाला दोन मिनिटांत कळेल. माझ्याकडं असे दर वर्षी पाच-सहा निघायचे. मधल्या सुट्टीत वीस मिनिटं घ्यायचे, जोडाक्षरांपासून. आणि एक युक्ती सांगते, उद्या वर्गात कुठल्या चार ओळी वाचायला लावणार ते त्याला आदल्या दिवशी गुपचूप सांगून ठेवायचं. तो घरी पन्नास वेळा वाचून येतो. दुसऱ्या दिवशी उभा राहून चार ओळी न अडखळता वाचतो, आणि वर्ग गप्प होतो, खरंच गप्प होतो. त्या मुलाचं वागणं एका दिवसात सुधारत नाही, पण त्याला तुमच्या तासाला येऊन बसायला एक कारण मिळतं.

आता शिवीचं. शिवी आली त्या क्षणी काय करायचं हे मला खूप उशिरा जमलं. योहान ८ मध्ये व्यभिचारात सापडलेल्या एका बाईला धरून आणतात, सगळे हातात दगड घ्यायच्या तयारीत, आणि येशू खाली वाकून जमिनीवर बोटानं लिहीत राहतो. काय लिहिलं यावर लोक वाद घालतात, मला शिक्षिका म्हणून एवढंच दिसतं की त्यानं लगेच उत्तर दिलं नाही, त्या गर्दीची नजर त्या बाईवरून खाली जमिनीकडं नेली. वर्गात तसंच करा. फळ्याकडं वळा आणि लिहायला लागा. पुढच्या धड्याचं नाव लिहा, तारीख लिहा, काहीही. वीस-तीस सेकंद. तेवढ्यात तुमचा श्वास खाली येतो आणि त्यालाही प्रेक्षक उरत नाहीत. मग वळून शांतपणे, "तास संपल्यावर मला भेट" एवढंच म्हणा आणि धडा पुढं न्या. सगळ्यांसमोर त्याला हरवायला जाऊ नका, तुम्ही जिंकलात तरी तो पोरांसमोर हरलेला घरी जातो आणि उद्या त्याला ते फेडावं लागतं. तास संपल्यावरही भाषण नको, "काय झालं" विचारा आणि गप्प बसा. ही गप्प बसायची पाळी फार लांब वाटते. बसा.

मारायचं अजिबात नाही, हे मी विनंती म्हणून सांगत नाहीये. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. नववी-दहावीची पोरं त्या कायद्याच्या चौदा वर्षांच्या मर्यादेबाहेर गेली म्हणून मोकळीक आहे असं स्टाफरूममध्ये कुणी शहाणा सांगेल, ऐकू नका, बाल न्याय कायदा २०१५ अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला आहे आणि मूल ज्याच्या ताब्यात त्यानं क्रूर वागणूक दिली तर कलम ७५ लागतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या पोराला घरी पट्ट्यानं मारतात त्याला तुमच्या छडीनं नवं काय कळणार आहे?

मग क्षमा म्हणजे सोडून देणं का? नाही हो, इथंच आपली ख्रिस्ती माणसं गोंधळतात. लूक १५ आपल्याला पाठ असतो, आपला वाटा उडवून परत आलेल्या धाकट्या मुलाची गोष्ट, बाप धावत गेला, गळ्यात पडला, झगा, अंगठी, जोडा, पोसलेलं वासरू. पण शेवटाकडं नीट वाचा. मोठा मुलगा रुसून बाहेर उभा राहतो तेव्हा बाप त्याला म्हणतो की माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे. म्हणजे धाकट्यानं उडवलेला वाटा उडालाच, त्याची परत वाटणी झाली नाही. घरात जागा मात्र पूर्ण मिळाली, मजुराची नाही, मुलाची. वर्गात मी हे असं धरलं, फाडलं ते भरून द्यायचं, शिवी दिली त्याची ज्याला दिली त्याच्याकडं येऊन माफी मागायची, आणि ते झालं की विषय बंद. पुढच्या महिन्यात "तू तोच ना रे हजेरीपट फाडणारा" असं परत काढायचं नाही, पालकसभेत काढायचं नाही, दहावीच्या बाईंना त्याची ओळख करून देताना तर मुळीच काढायचं नाही. शाळेत पोरांचा सगळ्यात जास्त घात या शेवटच्या गोष्टीनं होतो, पोरगा वर्गात पोचायच्या आधी त्याची कीर्ती पोचते.

आणि तो मोठा मुलगा विसरू नका. तुमच्या वर्गात पहिल्या-दुसऱ्या बाकावर असे वीस-पंचवीस बसलेत जे वेळेवर येतात, गृहपाठ करतात आणि बघत असतात की सरांचा सगळा वेळ त्या एकावर जातोय. मला एका मुलीनं वहीत चिठ्ठी ठेवून विचारलं होतं, "बाई, तुम्ही बोलावं म्हणून मी पण काहीतरी फोडू का?" मी ती चिठ्ठी अजून जपून ठेवलीय. त्या गोष्टीतला बाप त्या रुसलेल्यासाठीसुद्धा घराबाहेर आला, आपणही जायला पाहिजे. त्यानंतर मी रोज दोन गप्प पोरांशी धड्याव्यतिरिक्त काहीतरी बोलायचा नियमच केला.

प्रार्थनेचं तुम्ही विचारलंत. माझं उत्तर, त्याच्यासोबत नको, त्याच्यासाठी करा, घरी, नाव घेऊन. राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे सरकारनं मान्यता दिलेल्या किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण किंवा उपासना मुलावर त्याच्या पालकांच्या संमतीशिवाय लादता येत नाही. पण कायद्याच्या आधीचीही एक गोष्ट आहे. रागावलेला, अपराधी वाटणारा, मार्क तुमच्या हातात असलेला मुलगा तुम्हाला "नको" कसा म्हणेल? अशा वेळी मिटलेले डोळे म्हणजे होकार नाही. आपल्याकडं हा धडा जुना आहे, पंडिता रमाबाईंनी १८८९ ला मुलींच्या शिक्षणासाठी शारदा सदन काढलं, १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती होतायत असा गदारोळ झाला, रानडे-भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली आणि पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंच्या हेतूवर माझा तिळभर संशय नाही. पण शिकायच्या राहिल्या त्या मुलीच. आईबापांचा विश्वास ही आपल्याकडं ठेवलेली ठेव आहे, आजी पोराला शाळेत पाठवते ती शिकायला. आपल्या नगरमध्ये १८३१ पासून मिशनचं काम आहे, अमेरिकन मिशनरी सिंथिया फॅरार बाईंच्या मुलींच्या शाळा बघून जोतीराव प्रभावित झाले, सावित्रीबाई त्यांच्याकडं अध्यापन शिकल्या. लोक ते आजही आदरानं सांगतात कारण तिथं शिकवणं खरं होतं. एखाद्यानं आपणहून येऊन विचारलं की सर तुम्ही रागावत का नाही, तर खरं उत्तर द्या, लपवू नका. पण तो विचारेपर्यंत थांबा, आणि कधीच नाही विचारलं तरी चालेल.

एका ठिकाणी मात्र थांबायचं नाही. लैंगिक अत्याचाराचा संशय जरी आला तरी पॉक्सो कायदा २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, कलम १९, न कळवणं हा गुन्हा आहे. मी हे जोर देऊन सांगते कारण मी एका ठिकाणी "आपल्यातलंच आहे, पाळकसाहेब समजावतील, शाळेचं नाव जाईल" असं म्हणून प्रकरण दाबायची खटपट स्वतः बघितलीय, आणि त्यात देवाचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जात होतं. त्या मुलीला कुणी काही विचारलंच नाही. १०९८ हा नंबर पाठ ठेवा, मुलांची चाइल्ड हेल्पलाइन. नववीतली मुलगी अचानक उद्धट झाली, वह्या लिहायची बंद झाली, तर घरी सुपारी फुटलीय का बघा, ऊसतोडीला जोडप्याचा कोयता लागतो म्हणून पोरींची लग्नं घाईनं उरकतात, त्यालाही हाच नंबर. आणि एखादा पोरगा "मी असून काय उपयोग" अशा भाषेत बोलायला लागला तर नुसती प्रार्थना करून घरी जाऊ नका, १४४१६ ला, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लावा, त्याच्या घरच्यांना गाठा, त्याला एकटं सोडू नका.

आता तुमच्या दाखल्याचं. एका वर्षी मी पण सही केली होती. पोरानं प्रयोगशाळेच्या काचा फोडल्या होत्या, मी थकले होते, घरी सासूबाई आजारी, आणि कुणीतरी कागद पुढं केला. नंतर त्याला कुठल्या शाळेनं घेतलं नाही. काही वर्षांनी रस्त्याला पंक्चरच्या दुकानात दिसला, मला ओळखलं, "बाई" म्हणाला, गाडीच्या चाकात हवा भरून दिली आणि पैसे घेतले नाहीत. मला त्याच्याकडं बघवलं नाही. मग मी त्याला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवायचा प्रयत्न केला, एकदा बसला, गणितात राहिला, पुन्हा बसला नाही. त्याची आठवण आली की मी शाळेत दाखल्यावर सही करायच्या आधी घर बघून यायचा हट्ट धरायचे. ३१ वर्षांत सगळी पोरं सुधारली असं नाही, काही माझ्या हातून गेलीच. पण ज्याचं घर मी आधी बघितलं त्याच्या दाखल्यावर सही करायची वेळ माझ्यावर आली नाही.

तर हेडसरांकडून आठ दिवस मागून घ्या. झालेला प्रकार तारीख-वार लिहून त्यांच्याकडं द्या, ते तुमच्याही संरक्षणाचं आहे. फाडलेलं पान मिळालं असेल तर चिकटपट्टी आणा आणि त्यालाच जोडायला बसवा, शाळा सुटल्यावर, तुम्ही शेजारी बसा. एकेक तारीख जुळवत जाईल तेव्हा लाल खुणा त्याच्या बोटाखालूनच जातील, तेव्हा विचारा, या दिवशी कुठं होतास रे? त्यानं माफी तोंडानं मागितली नाही आणि पान नीट जोडलं तर पहिल्या दिवशी तेवढं पुरे धरा, तोंडी माफी त्याला दोन दिवसांनी मागायला सांगा. मग हेडसरांना सांगून, एखाद्या बाईंना सोबत घेऊन, त्याच्या घरी जा, तक्रार घेऊन नाही. आजी चहा ठेवेल, नको म्हणू नका.